स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब : आठ महिने वापरल्यानंतर

हा हब मी हौसेने घेतलेला नाही. माझ्याकडे दोन पोर्टेबल हार्ड डिस्क आहेत. एकीवरचे फोटो-व्हिडिओ दर महिन्याला दुसरीवर उतरवायचे, एवढंच काम. आधी दोन्ही एका साध्या हबवर लावायचो. पंधरा-वीस जीबी गेले की डिस्कमधून बारीक ‘टक्’ असा आवाज यायचा, निळा दिवा विझायचा आणि स्क्रीनवर आय/ओ एरर, म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिता येत नसल्याचा संदेश. डिस्क मेली असं धरून मी नवी घ्यायला निघालोच होतो.

निघण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) शून्य, पेंडिंगही (खराब असल्याचा संशय असलेले) शून्य. म्हणजे डिस्क ठणठणीत, विजेसाठी उपाशी मात्र होती. यूएसबी ३.० चा पोर्ट नियमाने ९०० मिलीअँपिअर देतो आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या साध्या हबवर तेवढ्यातच दोघींनी भागवायचं. फिरायला लागताना एकटीच त्याहून जास्त ओढू शकते.

नवा हब आला आणि ‘टक्’ बंद झालं. आठ महिन्यांत एकदाही नाही. चौथ्या महिन्यात डिस्क मधेच गायब व्हायला लागली तेव्हा हबला शिव्या घातल्या, पण दोष निघाला डिस्कच्या ढिल्या केबलचा. आणि पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही मोठा व्हिडिओ जात नसेल तर तिथेही हब काही करू शकत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. आतला डेटा काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

खरी तक्रार स्विचची. प्रत्येक पोर्टला वेगळा स्विच आहे आणि सगळे अगदी खेटून. एकदा कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह लावायला गेलो आणि अंगठ्याने शेजारचं बटण दाबलं गेलं. अर्धवट राहिलेली फाइल नंतर फोल्डरमध्ये पूर्ण साइझची दिसत होती, उघडत मात्र नव्हती! विंडोज बऱ्याचदा जागा आधीच अडवून ठेवतं, त्यामुळे नुसती साइझ बघून फसायला होतं. तेव्हापासून महत्त्वाच्या फाइलींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा कोड) दोन्हीकडे काढून जुळवतो.

रोबोकॉपी ही विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड वापरणाऱ्यांनी रिट्राय, म्हणजे कॉपी फसली तर पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा ते, स्वतः ठरवावेत. मुळात ते १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून असतात. एकच खराब फाइल जवळजवळ वर्षभर पुरेल. मी ३ वेळा आणि ५ सेकंद ठेवलेत.

पाचपैकी चार तारे. सध्या सगळ्या स्विचवर चिकटपट्टी आहे.