पद्मिनीला टायर नायलॉनचे घ्यावेत की रेडियल?

माझ्या प्रीमियर पद्मिनीने, म्हणजे जुन्या फियाटने, दोन्ही वापरून पाहिलेत, आधी सहा वर्षं नायलॉन (तिरप्या नायलॉन धाग्यांचे जुन्या पद्धतीचे टायर), आता चार वर्षं रेडियल (आडव्या धाग्यांचे आजचे टायर). त्यामुळे पुढचं सगळं एकाच गाडीवरचं आहे, तेवढं धरून वाचा.

दिसण्यात नायलॉनला तोड नाही. ५.२०-१४ मापाचा तो अरुंद, उभा टायर आणि त्यावर स्टीलची व्हील कॅप, फियाट अशीच शोभते. जुन्या गाड्यांच्या रॅलीत उतरवायची असेल तर पुढचं वाचूही नका, नायलॉनच घ्या. स्टिअरिंगही हलकं राहतं. फक्त तारीख बघून घ्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आता या मापाला रोजचं गिऱ्हाईक उरलेलं नाही. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवाकोरा दिसणारा टायर दुकानातच म्हातारा झालेला असू शकतो.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. गाडी पंधरा-पंधरा दिवस पार्किंगमध्ये उभी असते. नायलॉनचे धागे वजनाखाली तसेच बसतात, आणि टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा होतो. मग रविवारी गाडी काढली की पहिले पाच-सहा किलोमीटर धबधब धबधब. टायर तापला की आवाज गायब. मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालायची, त्यामुळे त्याला तो आवाज कधी ऐकूच आला नाही. त्याने प्रोपेलरचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस बदलले, ब्रेकचे ड्रम उतरवले, बॅलन्सिंग दोनदा केलं. पैसे गेले, धबधब राहिली. बायको तर गाडीत बसायच्या आधीच विचारायची, "आज वाजणार आहे का?"

रेडियल घातल्यावर ते जवळजवळ थांबलं. खंबाटकीच्या वळणांवर, पावसात तर विशेष, गाडी सरळ ऐकते. रस्त्यावरच्या चरांमागे पळत नाही. तोटे आहेतच. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात. आणि कड थोडी फुगलेली दिसते, म्हणून प्रत्येक पंपावर कोणीतरी सांगतं, "काका, हवा कमी आहे."

मापाचं म्हणाल तर १५५/८० आर १४ मूळ उंचीच्या जवळ बसतो. १६५/८० सहज मिळतो, पण तो १५५ पेक्षा साधारण १६ मिलिमीटरने उंच. स्पीडोमीटर किंचित कमी दाखवतो आणि माझ्या गाडीत पूर्ण वळवल्यावर आत घासत होता. ट्यूब मात्र घालाच, तीही रेडियलची. जुन्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो. बदलायचे तर चारही एकदम बदला. पुढे रेडियल, मागे नायलॉन ही जोडी कधीच नको, वळणावर मागची बाजू सुटते.

अलॉय चाकांबद्दल मी फारसं बोलणार नाही. मूळ कॅप बसत नाहीत, आणि त्या कॅपांसाठी मी जुन्या बाजारात किती चकरा मारल्यात ते मलाच ठाऊक.

रोज गाडी काढत असाल तर नायलॉनची धबधब तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. माझ्यासारखी आठवड्या-पंधरवड्याने काढत असाल तर मी रेडियलच म्हणेन. डिकीतली स्टेपनी अजून जुनी नायलॉनचीच आहे, फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती.