मोटरहोमचं टॉयलेट गळतंय: स्वतः दुरुस्त करावं की कारागिराकडे द्यावं?

टॉयलेटभोवती ओल दिसली की पहिला विचार येतो तो ‘हे मला जमेल का?’ हाच. माझं म्हणणं असं, की तो विचार थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, टॉयलेटमध्ये पाणी बाहेर पडायच्या जागा मोजक्याच असतात आणि त्यातल्या प्रत्येकीचा निर्णय वेगळा आहे. एका जागेचं काम हातमोजे घालून अर्ध्या तासात उरकतं, तर दुसऱ्या जागेसाठी खालची जमीन उचकटावी लागते. गळती नेमकी कुठली हे न बघता ‘स्वतः करू’ किंवा ‘गॅरेजला देऊ’ असं ठरवलं, तर दोन्ही बाजूंनी नुकसानच होतं.

आधी पाण्याचं निरीक्षण

टॉयलेटच्या मागचा आणि बुडाभोवतीचा भाग कोरडा पुसून घ्या. सगळीकडे टिश्यू पेपर अंथरा आणि पाण्याचा पंप चालू ठेवून बसा. फ्लश करू नका. टिश्यू ओला झाला तर गळती सततच्या दाबाखालच्या भागात आहे, म्हणजे येणारी नळी, तिचा जोड किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह. हे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं.

टिश्यू कोरडाच राहिला तर मग फ्लश करा. फ्लश करतानाच मागून धार आली तर बहुधा व्हॅक्यूम ब्रेकर गेलेला असतो. भांड्यातलं पाणी उलट पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत ओढलं जाऊ नये म्हणून बसवलेला हा छोटा भाग. त्याच्यातून पाणी फक्त फ्लशच्या वेळी जातं, त्यामुळे त्याचं गळणं एरवी दिसतच नाही. फ्लशनंतर बुडाच्या कडेने रंगीत किंवा वास येणारं पाणी पाझरलं, तर जमिनीवरचा जोड सैल झालाय किंवा टॉयलेटच्या बुडालाच तडा गेलाय.

तिसरा प्रकार बाहेर दिसत नाही. भांड्यात ठेवलेलं पाणी हळूहळू नाहीसं होतं आणि सकाळी गाडीभर वास असतो. इथे भांड्याच्या तळाचं सील गेलेलं आहे. याकडे ‘जमीन तर कोरडी आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं आणि ते मला फार खटकतं. घरच्या कमोडला वाकडा पाइप असतो, त्यात पाणी साचून वायू अडतो. मोटरहोमच्या टॉयलेटला तो नसतो. मैल्याची टाकी आणि तुमची झोपायची जागा यांच्यामध्ये असतं ते फक्त सील आणि त्याच्यावरचं थोडंसं पाणी. ते गेलं की हायड्रोजन सल्फाइड, मिथेन यांसारखे वायू थेट आत येतात. उलटं, भांड्यातलं पाणी आपोआप वाढत असेल आणि पाण्याचा पंप मध्येच स्वतःहून सुरू होत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये.

साफसफाई की नवं सील?

सीलची गळती असेल तर ती स्वतःच दुरुस्त करा, असं मी कुणालाही सांगेन. प्रश्न एवढाच, की नुसतं साफ करून भागेल की सील बदलायचं.

पाणी बंद करा, फ्लशचं पॅडल (पायाने दाबायचं) दाबून उरलेला दाब सोडा, टाकी रिकामी करून धुऊन घ्या. मग पॅडल दाबून ठेवा आणि टॉर्चच्या उजेडात सीलची कडा नीट पाहा. बऱ्याचदा रबर शाबूत असतं आणि खोबणीत पांढरट-पिवळसर, खरखरीत थर बसलेला असतो. लघवीतले क्षार आणि जड पाण्यातलं कॅल्शियम यांचा तो थर. हातमोज्यातल्या बोटाने कडेवरून फिरवलं की लगेच जाणवतो. कागदाचा एखादा चिकटलेला कपटाही भांड्याचं तळ मिटवणारं पातं किंवा गोळा पुरता मिटू देत नाही. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी, जुना टूथब्रश आणि सबुरी, एवढ्यावर हा थर निघतो. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात.

साफ करून भांड्यात पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि रात्रभर ठेवा. पातळी टिकली तर काम झालं. नाही टिकली, किंवा रबर कडक, चपटं, भेगाळलेलं दिसलं, तर साफसफाईत आणखी वेळ घालवू नका. दर चार दिवसांनी ग्रीस लावून वेळ मारून नेण्यापेक्षा नवं सील घालणं केव्हाही बरं.

इथे मॉडेलप्रमाणे मोठा फरक पडतो. डोमेटिक कंपनीच्या 300, 310, 320 या टॉयलेटांचं सील वरूनच हाताने ओढून काढता येतं आणि नवं वरूनच दाबून बसवता येतं. टॉयलेट जागचं हलवावं लागत नाही. काही मॉडेलांत मात्र सीलपर्यंत पोहोचायला सगळं टॉयलेट उचलून उलटं करावं लागतं. म्हणून सील मागवण्याआधी आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक काढून तेवढं एक बघा: सील वरून निघतं की खालून? वरून निघत असेल तर कारागिराला बोलवायचं काही कारण नाही. खालून निघत असेल तर पुढचा ‘व्हॉल्व्ह बदलायचा की अख्खं टॉयलेट?’ हा भाग वाचून ठरवा.

दोन गोष्टींचा आग्रह धरतो. रबराला पेट्रोलियम जेली किंवा तेल लावू नका, त्याने सील फुगतं आणि लवकर जातं. आणि साफ करताना ब्लीच वापरू नका. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन निघतो. मोटरहोमच्या टॉयलेटची खोली एवढीशी, तिथे हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही. दार-खिडकी उघडी, छतावरचा पंखा चालू आणि गॅसची उपकरणं बंद, मगच टाकीचं तोंड उघडायचं.

टाकीवर बसवलेलं टॉयलेट आणि कॅसेट टॉयलेट

स्वतः दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन प्रकार अगदी वेगळे आहेत. अमेरिकी पद्धतीच्या मोठ्या गाड्यांत टॉयलेट थेट मैल्याच्या टाकीवर बसवलेलं असतं आणि टाकी गाडीच्या पोटात कायमची. युरोपी पद्धतीच्या गाड्यांत बहुधा कॅसेट असते: साधारण 17 ते 20 लिटरची टाकी, बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि रिकामी करायची.

कॅसेटवाल्याचं काम सोपं, कारण गळणारी वस्तू उचलून उजेडात नेता येते. कॅसेट रिकामी करून स्वच्छ धुवा, तिच्यात साधं पाणी भरा, पातं मिटवा आणि मोकळ्या जागी सावकाश तिरकी करा. थेंब कुठून येतो ते डोळ्यांना दिसतं. पात्याच्या कडेने आला तर वरचं रबरी सील. ओतायच्या नळीच्या टोपणातून आला तर त्यातली रबरी रिंग. हवा सोडणाऱ्या छोट्या झडपेतून आला तर तिथे घाण अडकलेली असते किंवा झडपेचं रबर गेलेलं असतं. तिन्ही भाग सुटे मिळतात. कॅसेटच जुनी होऊन वास धरून बसली असेल तर थेटफोर्ड कंपनीच्या ‘फ्रेश-अप सेट’सारखा पर्यायही आहे: नवी टाकी, नवी सीट आणि झाकण, बाकीचं टॉयलेट जागच्या जागी. सील, टोपण, झडप असं सगळंच एकदम थकलेलं असेल, तर एकेक सुटा भाग बदलत बसण्यापेक्षा मी सरळ हा संच घेईन.

कॅसेट थेंबभरही गळत नाही आणि तरी कप्प्यात पाणी दिसतं, तर फ्लशच्या बाजूला बघा. काही मॉडेलांत फ्लशच्या पाण्याची वेगळी टाकी आणि तिच्यात 12 व्होल्टचा पंप असतो, काहींत गाडीच्या मुख्य टाकीतूनच विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमार्गे पाणी येतं. हा भाग भिंतीआड असतो आणि वायरिंगही आलं. ज्याला विजेच्या कामाची सवय नाही त्याने इथे थांबलेलं चांगलं.

व्हॉल्व्ह बदलायचा की अख्खं टॉयलेट?

हा निर्णय लोक उलटा घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॉल्व्ह हा छोटा, स्वस्त प्लास्टिकचा भाग, तेव्हा तोच बदलावा असं सहज वाटतं. थंडीत आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि व्हॉल्व्हला केसासारखा तडा जातो, हे त्याच्या मरणाचं नेहमीचं कारण. पण तो बसलेला असतो टॉयलेटच्या पाठीमागे, भिंतीपासून बोटभर अंतरावर. पाना फिरवायलाही जागा नसते, आणि बऱ्याच मॉडेलांत टॉयलेट काढल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही.

आता टॉयलेट काढणं म्हणजे काय, तर पाण्याची एक नळी सोडवायची आणि बुडाचे, बहुतेक मॉडेलांत दोनच, नट काढायचे. प्लास्टिकचं टॉयलेट एकटा माणूस सहज उचलतो. चिनीमातीचं असेल तर दुसरा हात घ्या. म्हणजे व्हॉल्व्ह बदलायला जेवढी मेहनत, जवळपास तेवढ्यातच नवं टॉयलेट बसतं. टॉयलेट तुलनेने नवं असेल, भांडं चांगलं असेल, तर व्हॉल्व्ह बदला. पण सीलही कडक झालंय, पॅडल अडकतंय, प्लास्टिक पिवळं पडलंय, अशा टॉयलेटवर नवा व्हॉल्व्ह चढवणं मला पटत नाही. पुढच्या मोसमात तुम्ही तेच नट पुन्हा सोडवत बसाल.

नवं घेताना फ्लँजच्या (टॉयलेट जमिनीवर जिथे बसतं त्या कड्याच्या) मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा, आणि पॅडलच्या बाजूला पाय जायला जागा आहे का ते बघा. उंचीही बघून घ्या. एकाच मॉडेलचे उंच आणि बुटके असे दोन प्रकार येतात. चौथऱ्यावर बसवायचं असतं तिथे बुटका लागतो. हे न मोजता आणलेलं टॉयलेट परत करावं लागतं.

गळती फक्त नळीच्या जोडाला असेल तर एवढं काहीच करायचं नाही. जोड सोडवा, आतलं वायसर बदला, हाताने आवळा. प्लास्टिकच्या आट्यांवर पान्याने जोर लावला तर आटे जातात.

जमिनीच्या जोडाची गळती

टॉयलेट आणि टाकीचा पाइप यांच्यामध्ये फ्लँज आणि त्यावर रबर किंवा फोमचं गॅस्केट असतं. घरच्या कमोडखाली मेणाची रिंग वापरतात, पण धावत्या गाडीच्या धक्क्यांना मेण टिकत नाही, म्हणून टॉयलेटच्या कंपनीने सांगितलेलं गॅस्केटच घ्या. जुनं ‘बरं दिसतंय’ म्हणून पुन्हा बसवू नका. एकदा दबलेलं गॅस्केट तोच आकार धरून बसतं.

प्रवासाच्या हादऱ्यांनी नट सैल होतात. आधी ते थोडे आवळून बघा, दोन्ही बाजू आळीपाळीने, थोडं थोडं. टॉयलेट डुगडुगायचं थांबलं की पुरे. जास्त आवळलं की प्लास्टिकचं बूड तडकतं, आणि मग साधी गळती नव्या टॉयलेटपर्यंत जाते. बुडाभोवती सिलिकॉन भरून गळती ‘बंद’ करण्याचा मार्ग मात्र मला अजिबात मान्य नाही. पाणी यायचं थांबत नाही, फक्त दिसायचं थांबतं आणि खाली प्लायवूड कुजत राहतं.

त्या प्लायवूडवरच सगळं ठरतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बुडाजवळच्या जमिनीवर दाबून बघा. कडक लागली तर गॅस्केट स्वतः बदला, सकाळी सुरू केलेलं काम दुपारपर्यंत होतं. टोक आत रुतलं, किंवा पाऊल ठेवल्यावर जमीन दबली, तर टॉयलेटला हात लावू नका. फ्लँजचे स्क्रू ज्याला धरून आहेत तेच लाकूड गेलेलं असतं. नवं गॅस्केट, नवं टॉयलेट, काहीही बसवलं तरी ते पुन्हा हलणार. ओल किती लांब पसरलीय हे जमीन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि खाली टाकी, वायरी, उष्णतारोधक थर असं सगळं असतं. तुटलेला फ्लँज आणि तडकलेली टाकीही याच यादीत. ही कामं मोटरहोमचं काम करणाऱ्या कारागिराकडेच द्या. घरच्या नळकामात तरबेज असलेला प्लंबर इथे पुरत नाही.

देताना मात्र वरची तपासणी करूनच द्या. ‘टॉयलेट गळतंय’ एवढंच सांगण्याऐवजी ‘फ्लश करतानाच गळतं, पाणी रंगीत आहे, डाव्या बाजूची जमीन मऊ लागते’ असं सांगितलं, तर कारागिराचा शोधाशोधीचा वेळ वाचतो. टाकी रिकामी करून, धुऊन द्या. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र काहीही उघडण्याआधी अटी वाचा.

काम कुणीही केलेलं असो, टिश्यूची चाचणी पुन्हा करा: कोरडं पुसून, पंप चालू ठेवून, मग लागोपाठ काही वेळा फ्लश करून. नंतर गाडी खराब रस्त्यावरून एक फेरी मारून आणा आणि बुडाचे नट परत तपासा. नवं गॅस्केट पहिल्या फेरीत थोडं दबतं, त्यामुळे नटाला अर्धा वेढा लागण्याची शक्यता असते.