गोदाआरतीसाठी लेन्स: ३५, ५० की १७-५०?

नाशिकच्या रामकुंडावरची संध्याकाळची गोदाआरती टिपायची, तर गर्दीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स अंधारात कमी पडते. मग निवड बहुधा तिघांत होते: ५० मिमी एफ १.८, ३५ मिमी एफ १.८ किंवा स्टॅबिलायझेशन असलेली १७-५० मिमी एफ २.८. मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य अरुंद, एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते. बहुतेकांकडे एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा असतो, म्हणून हिशोब त्याचाच धरते.

किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. आरती ओवाळणारे हात स्पष्ट यायला शटर निदान १/१२५ सेकंदाचं हवं. त्यासाठी एफ १.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पुरत असेल, तर एफ २.८ ला सुमारे ४००० लागतो आणि एफ ५.६ ला थेट १६०००. जुन्या कॅमेरा बॉडीवर १६००० ला दाण्यांनी चेहऱ्यांचा पार चुरा होतो.

१७-५० घ्या, स्टॅबिलायझेशन सगळं सांभाळून घेईल, असं दुकानात हमखास सांगतात. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरचा माणूस हलला तर काहीच करू शकत नाही. नारोशंकराच्या देवळाचं कोरीवकाम १/१५ ला सुरेख येईल, आरती येणार नाही. लग्नाची कामं घेणाऱ्यांनी मात्र हीच घ्यावी, तिथे झूमशिवाय भागत नाही.

खरी चुरस ३५ आणि ५० मध्ये आहे, आणि माझं मत ३५ च्या बाजूने. एपीएस-सीवर ५० मिमीचं दृश्य फुल-फ्रेमवरच्या ७५-८० मिमीइतकं अरुंद होतं. सराफ बाजाराच्या बोळात पाठ भिंतीला टेकली तरी दुकान आणि गिऱ्हाईक एका चौकटीत बसत नाहीत. शिवाय दोन मीटरवरून एफ १.८ ला ५० मिमीची फोकसमधली खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम ११-१२ सेंमी असते, ३५ ची त्याच्या दुप्पट. दिवा आणि त्यामागचा चेहरा दोन्ही हवे असतील, तर हा फरक फार मोठा आहे. फक्त चेहरे टिपणाऱ्यांना ५० च गोड वाटेल.

एफ १.४ साठी जास्तीचे पैसे घालू नका. उजेड दोन-तृतीयांश स्टॉपनेच (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढतो आणि फोकस आणखी नाजूक होतो.

कॅननमध्ये ५० स्वस्त आणि ३५ बरीच महाग आहे, तिथे बजेट तंग असेल तर ५० वर थांबणं रास्त. निकॉनच्या डीएक्स (त्यांच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीच्या) ३५ ला तो अडसर नाही. जुनी निकॉन लेन्स घेताना ‘डी’ मालिकेची ५० टाळा. तिच्यात स्वतःची फोकस मोटर नसते आणि डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीतही ती नसल्याने तिचा ऑटोफोकस चालत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी घेत असाल, तर स्नानं ऐन पावसाळ्यात येतात हे धरून चला. या स्वस्त लेन्स पावसात टिकतील अशा बांधणीच्या नाहीत, म्हणून रेन कव्हर आत्ताच घेऊन ठेवा.