कामातली प्रेरणा शिकवणारा ऑनलाइन कोर्स: तिसऱ्या भागापासून बघा

ऑफिसने सगळ्यांच्या गळ्यात मारलेला कोर्स. सुरुवातीला नुसता उगवता सूर्य, मागे बासरी आणि ‘स्वतःला ओळखा’. सरळ पुढे ढकला.

तिसऱ्या भागात गाडी रुळावर येते. एमी रझेस्निएव्हस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेली ‘जॉब क्राफ्टिंग’ची, म्हणजे आपलं काम आणि त्याकडे बघण्याची नजर आपणच थोडी बदलून घेण्याची, कल्पना इथे छान उलगडली आहे. इस्पितळातले काही सफाई कामगार स्वतःला रुग्णाला बरं करणाऱ्यांपैकीच एक समजायचे आणि कामही त्याच जिव्हाळ्याने करायचे, हे त्यातलं उदाहरण.

मग गृहपाठ: आठवड्याची कामं लिहा आणि प्रत्येकापुढे ते नेमकं कुणाच्या उपयोगी पडतं, ते लिहा. मी विम्याचे दावे तपासते. ‘कागदपत्रं अपूर्ण’ या शेऱ्यापुढे लिहायला काहीच सुचेना. आता कुठला कागद हवा आणि तो कुठे मिळेल, हेही शेऱ्यात घालते. विचारणा करणारे फोन कमी झाले, हा वरकड फायदा.

शेवटची चाचणी म्हणजे पोरखेळ. आणि वरिष्ठच छळत असतील किंवा पगारच तुटपुंजा असेल तर काय करायचं, यावर कोर्स मिठाची गुळणी धरून बसतो. पाचपैकी तीन तारे, तेही गृहपाठासाठी.