लेअरच्या खाद्याला ६ एमएमची जाळी आणि मक्यासोबत बाजरी : काही महिने वापरल्यावर

लेअर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, माझ्याकडे बीव्ही ३८० जातीच्या आहेत, डीप लिटरवर म्हणजे जमिनीवर भुशाच्या जाड थरावर. पावसाळ्याच्या तोंडाला हे खाद्य सुरू केलं, आता उन्हाळा लागत आलाय, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी गिरणीवाला मका ३ एमएमच्या जाळीवर काढून द्यायचा, म्हणजे जवळपास पीठच, चोचीला चिकटायचं, ड्रिंकरमधे लगदा व्हायचा आणि फीडरच्या तळाला थर तसाच राहायचा. आता स्वतःच्या हॅमर मिलला ६ एमएमची जाळी टाकलीय आणि मला तरी हाच बदल सगळ्यात मोठा वाटतो, ब्रँड-बिंड नंतर.

कारण साधं आहे, कोंबडीला दात नाहीत, दळायचं काम पेट्याचं (पोटातली स्नायूंची पिशवी, गिझर्ड). जाड कण गेले की पेटा मजबूत होतो, खाद्य तिथे जास्त वेळ थांबतं आणि नीट पचतं. आमच्याकडे शीट आधीपेक्षा घट्ट पडायला लागली, त्यामुळे लिटरपण कोरडं राहतंय.

पण जाड भरड्याची एक भानगड आहे ती नीट समजून घ्या. कोंबड्या मोठे दाणे आधी वेचतात, दांडगट पक्षी मका खाऊन मोकळे आणि गरीब पक्ष्यांना खालची पावडर, आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण), डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), मिथिओनिन (अमिनो आम्ल) सगळं त्या पावडरीतच असतं! म्हणून मी शंभर किलोला एक किलो तेल मारतो, धूळ दाण्याला चिकटते. शिवाय दुपारी फीडर पूर्ण चाटून रिकामा झाल्याशिवाय नवीन टाकत नाही. फीडर पुरेसे ठेवा, सगळ्यांना एकदम उभं राहता आलं पाहिजे.

बाजरी मक्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी घालतो. प्रोटीन मक्यात ९ टक्क्यांच्या आसपास, बाजरीत ११-१२, त्यामुळे सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) थोडी कमी लागते. फक्त बलक फिका पडतो कारण पिवळा रंग मक्यातनं येतो, गिऱ्हाईक लगेच विचारतं. शेवग्याचा पाला नाहीतर झेंडूच्या पाकळ्यांची पावडर द्या, फरक पडतो. बाजरीऐवजी ज्वारी घालणार असाल तर पांढरीच घ्या, लाल जातींत टॅनिन जास्त असू शकतं.

कवचासाठी शिंपला मात्र बारीक नको. कवच मुख्यतः रात्री बनतं, तेव्हा फीडर बंद असतो, पेट्यात अडकलेले २ ते ४ एमएमचे तुकडे हळूहळू विरघळून रात्रभर कॅल्शियम देत राहतात, पावडर तोवर निघून गेलेली असते. मी संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवतो, पातळ कवचाची अंडी बरीच कमी झालीत, विशेषतः वयस्क पक्ष्यांत.

भरडा एकदम काढून ठेवू नका, अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर खराब होतो, त्यात मका ओला असला तर बुरशी आलीच. मी आठवड्यापुरताच काढतो, आणि प्रत्येक वेळी जाळी फाटलीय का ते बघूनच मशीन चालू करतो.