वाटणी आधी करावी की ऐनवेळी? समांतर संगणनातील तीन-चार पद्धतींची तुलना

संगणकाचे चार कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकाच वेळी लावले म्हणून काम चौपट वेगाने होतेच असे नाही; वाटणी चुकली, तर तीन कोअर रिकामे बसतात आणि चौथा एकटाच राबतो. मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांची उपग्रह छायाचित्रे चार कोअरच्या संगणकावर तपासायची आहेत, असे समजू. छायाचित्रांची संख्या कमी-जास्त असल्याने बीडला 12 मिनिटे लागतात, नांदेडला 10, लातूर व परभणीला प्रत्येकी 3 आणि उरलेल्या चार जिल्ह्यांना प्रत्येकी 2. एकाच कोअरवर हे काम 36 मिनिटांचे आहे.

ओपनएमपी या समांतर प्रोग्राम लिहिण्याच्या साधनातील ‘स्टॅटिक’ पद्धत यादीतील लागोपाठचे दोन-दोन जिल्हे आधीच वाटून मोकळी होते. त्यात बीड आणि नांदेड एकाच कोअरच्या गळ्यात पडतात, काम 22 मिनिटे चालते आणि वेग जेमतेम 1.64 पट वाढतो. ‘डायनॅमिक’ पद्धतीत जो कोअर मोकळा होईल तो पुढचा जिल्हा उचलतो. खुरपणीत एक पात संपली की बाई दुसरी पात धरते, तसेच हे. तेच काम 12 मिनिटांत, म्हणजे तिप्पट वेगाने होते.

मात्र यादी उलटी करून लहान जिल्हे आधी घेतले, तर डायनॅमिकलाही 14 मिनिटे लागतात, कारण बीड शेवटी उरते. रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1966 मध्ये दाखवून दिले, की मोकळ्या कोअरला हाती येईल ते काम देत गेल्यास लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या जास्तीत जास्त (2 − 1/m) पट होतो; इथे m म्हणजे कोअरची संख्या. चार कोअरसाठी ही मर्यादा 1.75 पट आहे. कामे एकमेकांवर अवलंबून नसतील आणि मोठी आधी घेतली, तर तीच 1.25 पटीवर येते.

असे असूनही स्टॅटिकला कमी लेखू नये. मॅट्रिक्सच्या बेरजेसारखी प्रत्येक फेरी सारखीच असेल, तर तीच निवडावी, कारण डायनॅमिकमध्ये दर वेळी पुढचे काम कोणते हे सांगणाऱ्या सामायिक गणकाला हात लावावा लागतो आणि काम मायक्रोसेकंदांचे असल्यास ही विचारणाच कामाहून महाग पडते. अशा वेळी एकेक काम न उचलता गठ्ठ्याने उचलावे. ‘गाइडेड’ पद्धत मोठ्या गठ्ठ्यापासून सुरुवात करून तो लहान करत जाते, पण वरील यादीत तिचा पहिलाच गठ्ठा बीड-नांदेडचा निघतो; म्हणून जड कामे सुरुवातीला असताना मी तिच्या वाटेला जात नाही.

एमआयटीच्या सिल्क या समांतर प्रोग्रामिंग भाषेत रुजलेली ‘वर्क स्टीलिंग’ (काम चोरण्याची) पद्धत कामातून काम फुटत जाते तिथे सरस ठरते: प्रत्येक कोअर आपली रांग उपसतो आणि रिकामा झालेला कोअर दुसऱ्याच्या रांगेला पलीकडच्या टोकाकडून लागतो.

यापैकी कोणतीही पद्धत घेतली, तरी एकट्या बीडचे 12 मिनिटांचे काम अखंड असेपर्यंत वेळ त्याखाली उतरणार नाही. बीडचे 11 तालुके सुटे केले, तर नांदेडचे 10 मिनिटांचे काम आडवे येते. त्याचेही तालुके पाडले, तरच 9 मिनिटांच्या, म्हणजे 36 मिनिटांच्या चौथ्या हिश्श्याच्या, जवळ जाता येईल.