पिन आणि सर्टिफिकेट टर्मिनलवरून: ओपनएससी की वायकेमॅन?

युबिकी (युबिको कंपनीची यूएसबी सुरक्षा-किल्ली) हातात आहे, मशीनवर लिनक्स आहे, एसएसएच किंवा व्हीपीएनचं सर्टिफिकेट पीआयव्हीच्या, म्हणजे तिच्यातल्या स्मार्टकार्डसारख्या भागाच्या, ९ए स्लॉटमध्ये ठेवायचं आहे आणि हे सगळं टर्मिनलवरूनच करायचं आहे. एवढं ठरलं की दोन वाटा समोर येतात. एक स्मार्टकार्डांसाठीच्या ओपनएससी या मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे पीकेसीएस११-टूल, पीकेसीएस१५-टूल आणि पीआयव्ही-टूल ही तीन अवजारं. दुसरी वायकेमॅन या युबिकोच्याच कमांडची. (युबिकोचं स्वतःचं आणखी एक पीआयव्ही टूल आहे. नाव जवळपास तेच असलं तरी ते वेगळं, इथे ते धरलेलं नाही.) मी दोन्ही वाटांनी गेलो आहे आणि दोन्ही अजून मशीनवर आहेत.

नुसता पिन बदलायचा असेल तर फार डोकं लावू नका. पीकेसीएस११-टूलला लॉगिन आणि चेंज-पिन हे दोन पर्याय द्या, किंवा वायकेमॅनमध्ये पीआयव्ही, ॲक्सेस, चेंज-पिन अशी पायरी उतरा. दोन्ही जुना पिन विचारतात, नवा दोनदा घेतात, काम झालं. पिन कमांडच्या ओळीतच लिहायची सोय दोन्हीकडे आहे आणि ती दोन्हीकडे टाळावी. शेलच्या हिस्टरीत तो पिन तसाच पडून राहतो.

फरक जाणवतो तो किती प्रयत्न उरलेत हे बघताना. तीनदा चुकलं की पिन बंद, मग पीयूके, म्हणजे बंद पिन उघडायचा कोड. तोही संपला की रीसेट, आणि रीसेट म्हणजे पीआयव्हीतलं सगळं साफ. एसएसएच एजंट आणि ब्राउझर दोघेही पिन मागत असतात, त्यामुळे एखादा प्रयत्न कुठे खर्च झाला ते कळतही नाही. पीकेसीएस११-टूल आकडा सांगत नाही. पिनचे प्रयत्न कमी उरलेत किंवा हा शेवटचा, एवढाच इशारा देतं. आकडा हवा तर पीकेसीएस१५-टूलकडे जाऊन पिनची यादी मागायची. वायकेमॅनच्या पीआयव्ही इन्फोमध्ये तो वरच्या ओळींतच दिसतो, आणि पिन अजून कारखान्याचाच १२३४५६ असेल तर नव्या आवृत्त्या तसं बजावतातही. पण खरं सांगायचं तर एवढ्यावरून मी बाजू बदलली नसती.

बदलली ती मॅनेजमेंट कीमुळे.

पीआयव्हीत सर्टिफिकेट लिहायला पिन पुरत नाही, मॅनेजमेंट की लागते. कारखान्यातून येणारी की जगजाहीर आहे, ०१ ते ०८ हे बाइट ओळीने तीनदा. त्यामुळे ती बदलणं आलंच, आणि बदलली की ४८ हेक्स अक्षरं कुठेतरी सांभाळणं आलं. पीआयव्ही-टूलला ती एका फाइलमध्ये लागतात, दर दोन अक्षरांनंतर कोलन घालून. त्या फाइलचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा. मग कमांडमध्ये एम, कोलन, ९बी, कोलन आणि अल्गोरिदमचा क्रमांक. जुन्या युबिकीवर तो ०३, म्हणजे ट्रिपल-डेस ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत. फर्मवेअर ५.७ पासून मूळ कीच एईएस-१९२ असते, तिथे ०ए. जुन्या नोंदवहीतली ओळ नव्या युबिकीवर तशीच चिकटवली तर चालत नाही ती यामुळेच.

मॅनेजमेंट कीने आतली प्रायव्हेट की वाचता येत नाही, हे मान्य. पण तिच्यावर दुसरी की लिहिता येते, सर्टिफिकेट बदलता येतं. गुपित डिस्कवर नको म्हणून हे सगळं करायचं आणि त्याचीच एक चावी होम फोल्डरमध्ये साध्या टेक्स्टमध्ये ठेवायची, हे मला कधी पटलं नाही. शिवाय सर्टिफिकेटचं नूतनीकरण येतं तेव्हा मधे इतका काळ गेलेला असतो की ती फाइल कुठल्या मशीनवर, कुठल्या बॅकअपमध्ये, इथूनच शोध सुरू होतो.

वायकेमॅनमध्ये मॅनेजमेंट की बदलताना जनरेट आणि प्रोटेक्ट असे दोन पर्याय देता येतात. ते स्वतःच एक यादृच्छिक की बनवतं आणि युबिकीतच, पिनच्या आड ठेवून देतं. त्यानंतर सर्टिफिकेट आत घ्यायला फक्त पिन लागतो. फाइल नाही, कोलन नाहीत. सर्टिफिकेट त्या स्लॉटमधल्या कीशी जुळतं का हे तपासून घ्यायचा पर्यायही त्याच कमांडला आहे. की तयार करतानाच पिन कधी मागायचा, बोट लावायचं की नाही हेही ठरवता येतं. ही युबिकोची स्वतःची भर असल्यामुळे ओपनएससीच्या पीआयव्ही-टूलमध्ये ती मिळत नाही.

याची किंमतही आहे. अशी लपवलेली की पीआयव्ही-टूल आपणहून शोधत नाही, म्हणजे लिहिण्यापुरते तुम्ही वायकेमॅनला बांधले गेलात. वाचायला आणि सही करायला ओपनएससी पूर्वीसारखंच चालतं. आणि ज्याच्याकडे पिन, त्याच्याकडेच लिहिण्याचा अधिकार. कार्डं वाटणारा विभाग वेगळा आणि वापरणारा वेगळा अशी ऑफिसची रचना असेल तर प्रोटेक्ट वापरू नका. तिथे की वेगळी सांभाळणंच बरोबर, आणि मग ओपनएससीवरचा माझा आक्षेप बराच बोथट होतो.

वायकेमॅनची मोठी मर्यादा उघड आहे: युबिकी सोडून ते कशालाच ओळखत नाही. जीएसटी, एमसीए किंवा महाटेंडर्ससाठी आपल्याकडे डीएससीचे (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचे) जे यूएसबी टोकन मिळतात, त्यांच्यापुढे ते निरुपयोगी. तिथे पीकेसीएस११-टूलच कामाला येतं. टोकनसोबत आलेली लिनक्सची मॉड्यूल फाइल त्याला दाखवायची, सर्टिफिकेटांची यादी मागायची, कुठलं कधी संपतंय ते बघायचं. ओळखीच्या एका सीएंच्या ऑफिसमधल्या टोकनांचे पिन मी असेच बदलून दिले, विक्रेत्याचं सॉफ्टवेअर न उघडता. सगळ्याच टोकनांवर हे जमेल असं मात्र म्हणणार नाही. मॉड्यूल कसं लिहिलंय त्यावर ते ठरतं.

जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमचा कार्ड हाताळणारा भाग, एससीडीमन, कार्ड अडवून बसतो तेव्हा दोन्ही अवजारं सारखीच हात टेकतात. जीपीजीकॉन्फने त्याला मारलं की पुढे जाता येतं.

तर खिशात तऱ्हेतऱ्हेची टोकन असतील तर ओपनएससीला पर्याय नाही, आणि युबिकीवाल्यांनीही ते ठेवावं. पण एकट्याची युबिकी असेल, सर्टिफिकेट अधूनमधून बदलावं लागत असेल, तर मी वायकेमॅनच सुचवेन. फक्त त्यात प्रयत्नांची संख्या तीनवरून वाढवायची असेल तर ते सगळ्यात आधी करा. त्या कमांडने पिन आणि पीयूके दोन्ही पुन्हा कारखान्याचे होतात, त्यामुळे नवा पिन त्यानंतरच घाला.